एकही चूक न झालेला महिना

अन्याय दत्ता शेलारवर झाला. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण चहाची ढकलगाडी नुकतीच आत आली होती आणि दत्ताचा कप भरून गाडीवर ठेवलेला होता. तो प्यायला दत्ता परत आलाच नाही. केबिनमधून पत्र घेऊन थेट गेटबाहेर गेला. पत्रात म्हटलं होतं की वर्षभरात कंपनीतल्या सर्वांत जास्त चुका त्याच्या नावावर आहेत. ते खरंच होतं. त्या सगळ्या चुका त्यानं स्वतःच लिहून दिल्या होत्या.

हे आधीच सांगून टाकलं, कारण मला युनियनची पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रकात अन्याय पहिल्या चार ओळींत यावा लागतो, पाचवी ओळ कुणी वाचत नाही. पण हे पत्रक नाही. मला सांगायचंय ते मेश्रामताईंबद्दल. दत्ताला चुका लिहायला शिकवलं ते त्यांनी.

कमल मेश्राम. आमच्या कंपनीत तपासणी विभागाच्या प्रमुख. प्रमुख म्हणजे त्या आणि हाताखाली आम्ही पाच मुली. कंपनी कात्रजच्या अलीकडे, पत्र्याच्या दोन शेडमध्ये. आधी तिथे व्होल्टेज स्टॅबिलायझर व्हायचे. फ्रीजशेजारी लाल दिवा लावून गुरगुरत बसलेला तो डबा आठवत असेल. मग बाजार उघडला, बाहेरचा माल आला, आमच्या डब्याला कुणी विचारेना, आणि कंपनी परदेशी यंत्रांसाठी सर्किट बोर्ड जोडायला लागली. हिरव्या पट्टीवर तांदळाएवढाले भाग बसवायचे, कथलाचा डाग द्यायचा, तपासायचं, शिक्का मारायचा. शिक्का ताईंचा.

ताई विश्रांतवाडीहून यायच्या. विश्रांतवाडी ते कात्रज म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. मूळच्या अमरावतीकडच्या, लग्न होऊन पुण्यात आलेल्या, नवरा पोस्टात. तीस वर्षं पुण्याचं पाणी प्यायल्या, पण ते भाषेला काही लागलं नाही. साहेबांशी बोलताना जरा सांभाळून बोलायच्या, पण पुरं वाक्य संपेपर्यंत तो सांभाळ टिकायचा नाही. आम्हा मुलींना त्या ‘पोट्टी’ म्हणायच्या. पेठेतली एक मुलगी पहिल्या दिवशी रुसली, आठव्या दिवशी तिला ताईंनी नावानं हाक मारली तर ‘काही चुकलं का हो माझं?’ असं विचारायला गेली.

हातात येईल ते सगळं त्या बोर्डासारखं तपासायच्या. चष्मा कपाळावर चढवून, कागद उजेडाकडे तिरपा धरून. बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, लग्नपत्रिका. कुणी पत्रिका दिली की अभिनंदनाआधी तपासणी व्हायची. ‘‘मुहूर्त नऊचा, जेवण साडेबाराले. मधात पाहुण्यानं काय करावं, राजा? मांडव मोजावा?’’ डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. आमची गुळाची आमटी त्यांनी एकदाच चाखली. ‘‘हे वरण आहे का पाक?’’ म्हणाल्या, आणि तेव्हापासून रोज न विचारता आमच्या वाटीत चमचाभर ठेचा टाकायला लागल्या. गोड म्हणून त्या वर्षातून एकदाच आणायच्या, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, मोठं पातेलंभर खीर. तीही फार गोड नसायची.

आता फळ्याबद्दल. गेटमधून आत आलं की समोर सुविचाराचा फळा. मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, कोथरूडचे, रोज साडेआठला येऊन स्वतः रंगीत खडूनं सुविचार लिहायचे. अक्षर मोत्यासारखं. सुविचार मोजके, ठरलेल्या क्रमानं फिरणारे. वेळेचं महत्त्व सांगणारा सोमवारी, म्हणजे रविवारी गावाला जाऊन उशिरा परतणाऱ्यांना तो बरोबर लागावा.

एका मंगळवारी आम्ही आलो तर फळा पुसलेला. त्यावर पांढऱ्या खडूनं, जरा तिरक्या ओळीत: ‘शनिवारी शेवटचे चार बोर्ड न तपासता शिक्का मारला. बस चुकेल म्हणून घाई केली. ते बोर्ड गिऱ्हाईकाकडे गेले. आज परत मागवले आहेत. – क. मेश्राम, तपासणी.’

सगळी पाळी फळ्यासमोर उभी. कार्ड पंच करायचं कुणाला सुचेना. तेवढ्यात मोठे साहेब आले. हातात रंगीत खडूंची पेटी.

‘‘मेश्रामबाई, आपण माझा सुविचार पुसलात.’’

‘‘हो साहेब. पाठ झाला होता सगळ्यांले.’’

‘‘आणि त्याच्या जागी हे? गेटवर? अहो, उद्या गिऱ्हाईक येईल, वाचेल.’’

‘‘वाचू द्या ना. बोर्ड त्याच्याच हातात पडले. त्याले न वाचताही समजलं असतं.’’

‘‘ही गोष्ट केबिनमध्ये येऊन सांगता आली असती.’’

‘‘केबिनमधे सांगतली तर तुम्हाले समजली असती साहेब. शिक्का मारणाऱ्या या पाच पोट्ट्यांले कशी समजन?’’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. ‘‘एक महिना,’’ म्हणाले. ‘‘महिन्यानं माझा फळा मला परत पाहिजे.’’ आणि खडूंची पेटी घेऊन आत गेले.

पहिला आठवडा फळ्यावर एकट्या ताई. रोज आपली एक चूक, खाली सही, आणि संध्याकाळी पाच वाजता स्वतःच्या हातानं पुसणार. रोज पुसणार, हे लक्षात ठेवा. आठवडाभरात अशी वेळ आली की नवा माणूस गेटातून आला असता तर म्हणाला असता, या बाईला कामावर ठेवलं कुणी? एक जण म्हणालाही. ताई म्हणाल्या, ‘‘बाकी साऱ्यांच्या चुका आत आहेत राजा, माही बाहेर आहे. एवढाच फरक.’’

आठव्या दिवशी फळ्यावर मोत्यासारखं अक्षर. त्यामागची गोष्ट अशी. आयात मोकळी झाल्या झाल्या साहेबांनी डाग देण्याचं मोठं मशीन परदेशातून मागवलं होतं. ट्रकमधून उतरलं, हार घातला, नारळ फोडला, आणि ते शेडच्या दारातून आत जाईना. दारापेक्षा हातभर रुंद. तीन आठवडे ताडपत्रीखाली बाहेर उभं. शेवटी भिंत फोडावी लागली. दाराची रुंदी वॉचमनपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. मशीन येणार, हे मात्र फक्त केबिनला ठाऊक होतं. आठव्या दिवशी साहेबांनी लिहिलं: ‘मशीन मागवताना मी कुणालाही विचारलं नाही. रोज त्या दारातून ये-जा करणाऱ्यांना विचारायला हवं होतं.’ खाली सही. या वेळी रंगीत खडू नव्हता.

मी युनियनवाली. मालकाबद्दल बरं लिहायला माझा हात कचरतो. पण ते वाक्य वाचून मी पाच मिनिटं गप्प उभी होते, आणि मला ओळखणारे सांगतील की ही घटना दुर्मीळ आहे. महिना संपल्यावर साहेबांनी फळा परत मागितला नाही.

त्यानंतर फळा कमी पडायला लागला. ताईंचा नियम एकच. तो त्यांनी साहेबांकडून सगळ्यांसमोर वदवून घेतला: फळ्यावर लिहिलेल्या चुकीला शिक्षा नाही. न लिहिता सापडली, तर गाठ मेश्रामबाईंशी. दुसऱ्या भागाची भीती पहिल्यापेक्षा जास्त होती.

दत्ता शेलार खेड-शिवापूरकडचा. सायकलवरून घाट उतरून यायचा. हात चलाख, स्वभाव लाजरा. तीन दिवस त्याच्या बोर्डांवर एकच भाग उलटा बसत होता. चौथ्या दिवशी त्यानं फळ्यावर लिहिलं, ‘कपॅसिटर उलटे बसले. का ते कळत नाही.’ ताई स्टूल घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. तासभर त्याचे हात पाहत राहिल्या.

‘‘दत्ता, तू जेवतो कोण्या हातानं?’’

‘‘उजव्या. आय मारती डाव्यानं जेवलं की.’’

‘‘अन काम?’’

दत्तानं आपल्या हातांकडं असं पाहिलं, जणू ते आत्ताच त्याला कुणी बसवून दिले होते. ‘‘डाव्या, ताई. ते न्हाई ध्यानात आलं कुणाच्या.’’

भागांचे सगळे ट्रे उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेले. दत्ता डाव्या हातानं उचलायचा, तर भाग बोटात फिरून उलटा यायचा. ताईंनी ट्रे फिरवून दिला. मग माझ्या पर्समधली लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि प्रत्येक ट्रेच्या कडेला, प्रत्येक बोर्डाच्या त्या जागेवर ठिपका दिला. ठिपक्याला ठिपका जुळला म्हणजे भाग सुलटा. महिन्याभरात आख्ख्या शेडमध्ये ठिपके, आणि उलट्या भागांचा बोर्ड औषधालाही मिळेना. परदेशी गिऱ्हाईकाचा माणूस पाहायला आला, त्यानं ठिपक्यांचे फोटो काढले. ‘हे कोणतं तंत्र?’ म्हणून विचारलं. ताईंनी माझ्याकडं बोट दाखवलं. ‘‘हिले विचारा. मले तर नखं रंगवायले टाइम नाही.’’

दत्ताला त्यानंतर लिहायचा नादच लागला. दुसरा पाच शब्द लिहील तिथं दत्ता दोन ओळी. ‘आज मान दुखत होती म्हणून वाकून पाहिलं नाही.’ ‘माझ्या टेबलावरचा दिवा मिणमिणतो हे तीन दिवस ठाऊक असून सांगितलं नाही.’ प्रत्येक ओळीतून शेडमध्ये काही तरी बदलायचं. दिवा बदलला, स्टुलाची उंची बदलली, चहाची वेळ बदलली. कंपनीत नवं जे काही आलं, त्यातलं निम्मं दत्ताच्या चुकांतून आलं, असं ताई म्हणायच्या.

माझ्या पत्रकांनाही त्यांनी सोडलं नाही. मी टेस्टिंगच्या टेबलाखाली गठ्ठा ठेवायचे आणि सुटताना गेटवर वाटायचे. एकदा ताईंनी एक प्रत नेली आणि दुसऱ्या दिवशी लाल खुणा करून परत दिली.

‘‘पोट्टे, यात सतरा ठिकाणी ‘त्यांनी’ आहे. ‘आम्ही’ एकदाही नाही.’’

‘‘ताई, हे व्यवस्थापनाविरुद्धचं पत्रक आहे.’’

‘‘हाव, समजलं. पण मागच्या संपात तुम्ही लोकांनी बदली कामगारांले विचारलं काय? नाही ना? मग ते एक वाक्य टाक. तुह्यावर विश्वास बसन.’’

मी टाकलं नाही. तेव्हा तरुण होते. आता दोन वर्षांनी मोठी आहे, टाकलं असतं.

मग मोठ्या साहेबांचे गुडघे गेले, आणि समीर आले. धाकटे साहेब. परदेशात शिकून आलेले, लॅपटॉपवाले. खलनायक म्हणून ते मला फार सोयीचे झाले असते, पण माणूस वाईट नव्हता. आमच्याआधी यायचा, आमच्याबरोबर कँटीनमध्ये जेवायचा. ‘‘मला सर नको, नुसतं समीर म्हणा.’’ दत्ता प्रयत्न करून ‘समीरसाहेब’पर्यंत पोचला. हिंजवडीतल्या मित्रांसारखी आपलीही कंपनी पुढे न्यायची, हे त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यात गैर काहीच नव्हतं. लीडरशिप माइंडसेट, इनोव्हेशन, चेंज हे शब्द आम्ही पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकले. पडद्यावर चित्रं दाखवत ते तासभर बोलले. ताई शेवटी हळूच म्हणाल्या, ‘‘हुशार आहे पोरगा. एक सांगतलं नाही, तो कधी चुकला ते.’’

फळा त्यांना मनापासून आवडला. एका मोठ्या हॉटेलात भाषण होतं, तिथं त्यांनी फळ्याचा फोटो दाखवला. ताईंचं नाव घेतलं का, ते गेलेल्यांनी सांगितलं नाही. आणि मग म्हणाले, ‘‘मॅडम, ही इतकी मौल्यवान माहिती रोज पुसून टाकतो आपण! कॉम्प्युटरमध्ये ठेवू. तारीख, विभाग, नाव. पॅटर्न कळतील.’’

‘‘नाव कायले?’’

‘‘ट्रेनिंग कुणाला द्यायचं ते कळेल ना.’’

ताईंनी चष्मा कपाळावर चढवून त्यांच्याकडं पाहिलं. मग हो म्हणाल्या. मला वाटतं त्यांना तो मुलगा आवडत होता. फळ्यावर ऑइलपेंटनं कंपनीचं बोधवाक्य रंगवलं गेलं, आणि चुका पडद्यावर जायला लागल्या. फळा पाच वाजता विसरायचा. कॉम्प्युटर विसरत नाही.

पुढच्या वर्षी परदेशी गिऱ्हाईकानं मागणी कमी केली. माणसं कमी करायची ठरली. कुणाला काढायचं? समीरसाहेबांना वशिला नको होता, जात-गाव नको होतं, सगळं कसं निःपक्षपाती हवं होतं. त्यांनी कॉम्प्युटरला विचारलं. कॉम्प्युटरनं सर्वांत वर दत्ताचं नाव दिलं.

गुरुवारी, अकरा वाजून दहा. दत्ता गेल्यावर ताई उठल्या आणि केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच राहिलं, त्यामुळे सगळ्या शेडनं ऐकलं.

‘‘साहेब, लिहिलेल्या चुकीले शिक्षा नाही, असा शब्द आहे.’’

‘‘मॅडम, तो बाबांच्या वेळचा. आणि ही शिक्षा नाही. मी कुणावर राग धरलेला नाही. आकडे पाहिले फक्त.’’

‘‘ज्यानं लिहिलं नाही, त्याचे आकडे कुठून आणले?’’

आतून लॅपटॉपची बटणं वाजली.

‘‘चुका साऱ्यांच्या सारख्याच आहेत, साहेब. दत्ता खरा बोलला एवढंच. तुम्ही खरं बोलणारा काढला. त्याले फोन करून परत बोलवा, आत्ता. अजून घाटापाशी नसन पोचला.’’

‘‘मॅडम, डिसिजन झालाय. आज मागे घेतला तर उद्या माझं कोण ऐकेल?’’

‘‘मोठ्या साहेबांनी मशीनचं लिहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांचं जास्त ऐकायले लागले लोक. मी होतो तिथं.’’

ताई बाहेर आल्या आणि गेटकडं गेल्या. आम्ही मागोमाग. ऑइलपेंटवर खडू धड उठत नाही. त्यांनी प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलं. ‘चुका नावासकट साठवायला मी हो म्हटलं. दत्ता शेलारची नोकरी माझ्या होकारामुळे गेली. – क. मेश्राम.’ मग आत येऊन पाचपर्यंत बोर्ड तपासत बसल्या. पाच वाजता त्यांनी फळा पुसला नाही. लिहिलेलं न पुसता त्या पहिल्यांदाच घरी गेल्या.

त्यानंतरच्या महिन्यात आमच्या कंपनीत एकही चूक झाली नाही. कॉम्प्युटरचा पडदा स्वच्छ. समीरसाहेबांनी त्याचा कागद काढून नोटीस बोर्डावर लावला, खाली ‘अभिनंदन’. पुढच्याच आठवड्यात गिऱ्हाईकाकडून एक आख्खा लॉट खोक्यांसकट परत आला. ठिपके पुसट झाले होते, हे निदान दहा जणांना ठाऊक होतं. मलाही होतं. मीही सांगितलं नव्हतं. हे मी इथं लिहून ठेवते. ताई असत्या तर त्यांनी फळ्यावर लिहायला लावलं असतं. पण तोवर त्या नोकरी सोडून गेल्या होत्या. महिनाभर रोज सकाळी केबिनच्या दारात उभं राहून ‘‘दत्ताले बोलावलं काय?’’ एवढंच विचारलं, आणि महिन्याच्या शेवटी, निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना, शिक्का टेबलावर ठेवून निघाल्या.

समीरसाहेब विश्रांतवाडीला त्यांच्या घरी जाऊन आले. मानायला हवं, स्वतः गेले. परत या म्हणाले, पगार वाढवतो म्हणाले. ताईंनी चहा दिला, चकली दिली. म्हणाल्या, ‘‘मी येतो ना. पण तुम्ही चुकीच्या घरी आले, साहेब. आधी घाट चढून दत्ताकडे जा. माणूस धाडू नका, फोन नका करू. जा, अन त्याले सांगा, माही चूक झाली. मग मी दुसऱ्या दिवशी साडेआठले गेटवर हजर.’’ साहेब म्हणाले, विचार करतो. ते अजून करताहेत.

मी ताईंना शेवटचं पाहिलं ते गेल्या महिन्यात, आळंदी रस्त्यावरच्या बसथांब्यावर. शेजारी दत्ता, इस्त्रीच्या शर्टात, हातात प्लॅस्टिकची फाइल. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये त्याला कामासाठी दाखवायला निघाल्या होत्या. हे पाचवं वर्कशॉप. आधीच्या चार ठिकाणी ‘तिथून का काढलं?’ या प्रश्नावर दत्ता अडकला होता.

‘‘विचारलं तर सांगायचं, चुका झाल्या म्हणून. साऱ्या सांगायच्या.’’

‘‘साऱ्या? ताई, मग कोन घेतंय का मला?’’

‘‘नाही घेतलं तर तो मालक आपल्या कामाचा नाही. सहाव्याकडे जाऊ.’’

दत्ता माझ्याकडं बघून कसनुसं हसला. बस आली. ताईंनी आधी त्याला चढवलं, कंडक्टरला ‘‘दोन, अन सुट्टे आहेत माह्यापाशी’’ म्हणून बजावलं, आणि माझ्याकडं वळून पाहायच्या आत बस निघाली.

आता तुमच्याकडं वळते. तुम्ही कुणी तरी साहेब आहात, मॅनेजर आहात, मुख्याध्यापिका आहात, सोसायटीचे चेअरमन आहात. खरं बोलल्याबद्दल ज्याला घालवलंत, असा एक माणूस तुमच्याही मागे आहे, आणि त्याचं नाव हे वाचताना तुमच्या मनात येऊन गेलेलं आहे. मिशन, व्हिजन, माइंडसेट सगळं राहू द्या. या रविवारी त्याच्या घरी जा. तो दार उघडेल तेव्हा आधी तुमची चूक सांगा, आणि सोमवारी त्याला बरोबर घेऊन या.